जुने हॉर्न स्पीकर घरात लावताना: आधी काय, नंतर काय

मंद्रसप्तक

जुन्या हॉर्न स्पीकरांचा (ज्यांचा आवाज भोंग्यातून बाहेर पडतो) विषय निघाला की दोन-तीन प्रतिसादांत गाडी कपॅसिटरच्या ब्रँडवर घसरते आणि मूळ प्रश्न विचारणारा गायब होतो. म्हणून हा वेगळा धागा काढतोय. क्लिप्श, अल्टेक, जेबीएल, इलेक्ट्रो-व्हॉइस, व्हिटाव्हॉक्स, तुमच्याकडे जे असेल त्याबद्दल लिहा. मी माझ्याकडच्या जोडीपासून सुरुवात करतो.

माझे क्लिप्शचे ला स्काला आहेत, सत्तरच्या दशकातले, टाइप एए क्रॉसओव्हरवाले (क्रॉसओव्हर म्हणजे खालचे सूर वूफरला, मधले मिडरेंजला आणि वरचे ट्विटरला वाटून देणारं सर्किट). पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये क्लिप्शहॉर्न विकायला काढला, त्याला खोलीचा कोपरा लागतोच, कारण भिंती हाच त्याच्या बेस हॉर्नचा शेवटचा भाग. ला स्काला १९६३ चा. त्याला कोपऱ्याची सक्ती नाही, पण ५० हर्ट्झच्या खाली त्याच्याकडे फारसं काही मागू नका. यात कंपनीने हात आखडता घेतला असं काही नाही, सरळ भौतिकशास्त्र आहे. ५० हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर. हॉर्नच्या तोंडाचा परीघ साधारण तेवढा हवा, म्हणजे मोकळ्या जागेत तोंडाचा व्यास सव्वादोन मीटरच्या आसपास. कोपऱ्यात ठेवलं की दोन भिंती आणि जमीन मिळून तोंडाच्या क्षेत्रफळाची गरज आठव्या हिश्शावर येते. क्लिप्श यांची सगळी हुशारी त्या कोपऱ्यात आहे.

दुसरी गोष्ट संवेदनशीलतेची. हल्लीचा एखादा छोटा बुकशेल्फ स्पीकर एका वॉटला एका मीटरवर ८६ डेसिबल देत असेल तर ला स्काला १०४ च्या आसपास देतो. फरक १८ डेसिबल, म्हणजे शक्तीच्या हिशेबात ६३ पट. नेहमीच्या आवाजात ऐकताना अॅम्प्लिफायर वॉटच्या काही शतांशांवर लोळत असतो. या स्पीकरांचे लाड आणि त्रास दोन्ही इथूनच सुरू होतात. झांजेवर काठी पडली की ती पडल्यासारखीच ऐकू येते. पण अॅम्पची सूं सूं, घूं घूं, रिलेचा टिचका हेही तितक्याच इमानाने ऐकू येतं.

माझं मत असं की पैसे खर्च करण्याआधी फुकटची कामं उरकावीत, आणि ती याच क्रमाने.

आधी हवा. बेस हॉर्नमध्ये वूफरच्या मागची बंद पेटी नुसती पेटी नसते. खालच्या टोकाला हॉर्न वूफरवर वस्तुमानासारखा भार टाकतो आणि मागच्या कोंडलेल्या हवेची स्प्रिंग तो भार खोडून काढते. पेटी गळकी असेल तर हे गणितच मोडतं. ला स्कालाचं तळाचं झाकण काढलंत तर जुना फोम चिमटीत भुगा होऊन येईल. नवी गॅस्केट पट्टी लावा, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, मग ४० हर्ट्झचा हलका टोन सोडून ओलं बोट कडेकडेने फिरवा. गळती असेल तिथे बोटाला फुंकर लागते.

मग बाजूच्या फळ्या. जुन्या ला स्कालाच्या पाऊण इंची प्लायच्या बाजू बेसवर चक्क थरथरतात. तोंडाशी मधला भाग आणि बाजूची फळी यांच्यात आडवी लाकडी आधारपट्टी ठोकून बसवली की वरच्या बेसमधला घुमारा लक्षात येण्याइतका उतरतो. २००६ च्या ला स्काला-२ मध्ये कंपनीने १ इंची एमडीएफ घातला, तो काही उगाच नाही.

मग पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण जोडणीची दिशा. वूफरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा आणि कोन (वूफरचा हलणारा शंकू) कुठे जातो ते पाहा. कॉम्प्रेशन ड्रायव्हरला (हॉर्नच्या मागच्या टोकाला बसतो तो, आत पातळ पडदा म्हणजे डायफ्राम असतो) सेल लावू नका. आणि जुन्या जेबीएलवाल्यांनी लक्षात ठेवा, त्यांची खूण उलटी असते: लाल टर्मिनलला धन दिलं तर कोन आत जातो.

हे सगळं झाल्यावर क्रॉसओव्हर उघडा.

---

गरम_व्हॉल्व्ह

बरं झालं धागा काढलात. बाकी सगळं मान्य, पण क्रॉसओव्हर उघडायची एवढी घाई कशाला म्हणतो मी! जुने तेलातले कागदी कपॅसिटर काढून पॉलिप्रॉपिलीन घातले की लोक आठवडाभर 'काय तपशील!' म्हणून नाचतात आणि पुढच्या आठवड्यात ट्विटर टोचतोय म्हणून रडतात. इथेच दोन-तीन जण तसे आहेत, नावं घेत नाही.

आणि हे स्पीकर ज्या काळातले आहेत त्या काळातला अॅम्प लावा की राव. २ए३ या व्हॉल्व्हचा, एका नळीचा सिंगल-एंडेड, साडेतीन वॉट. १०४ डेसिबलला साडेतीन वॉट म्हणजे शेजाऱ्यांची तक्रार येईपर्यंत पुरतात. शंभर वॉटचे ट्रान्झिस्टर अॅम्प या ड्रायव्हरांवर लावणं मला तरी पटत नाही.

---

डेसिबलराव

@गरम_व्हॉल्व्ह, टोचण्याचं कारण कपॅसिटर 'नवा' असणं हे नाही. जुन्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध वयाबरोबर वाढलेला असतो, म्हणजे ट्विटरच्या वाटेत एक फुकटचा रेझिस्टर बसलेला असतो. तुमचे कान त्या दबलेल्या ट्विटरला सरावले. नव्या कपॅसिटरने तो मूळच्या पातळीवर आला. जास्त वाटत असेल तर एक-दीड ओहमचा रेझिस्टर मालिकेत घालून बघा. जुना कपॅसिटर परत लावायची गरज नाही. मापल्याशिवाय काहीच बदलू नये हे मात्र मान्य. एक पाय सर्किटमधून सोडवून मीटरवर मोजा. छापलेल्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त सरकला असेल किंवा दोन स्पीकरांत फरक असेल तरच हात लावा.

एक धोक्याची सूचना, ही गंमत नाही. सत्तरच्या दशकापर्यंतच्या तेल भरलेल्या धातूच्या डब्यांमध्ये पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल असू शकतं. अमेरिकेत त्याचं उत्पादन १९७९ मध्ये बंद केलं गेलं ते विषारी म्हणूनच. डबा फुगलेला किंवा ओलसर दिसला तर कापून बघायचा उद्योग नको. हातमोजे घालून काढा आणि घातक कचऱ्यातच द्या.

सूं सूं बद्दल आकडा देतो. अॅम्पच्या बाहेर १ मिलिव्होल्ट गोंगाट असेल तर ८ ओहममध्ये ती शक्ती एका वॉटच्या ६९ डेसिबल खाली. १०४ मधून ६९ वजा केले की उरले ३५ डेसिबल. शांत खोलीत हे स्वच्छ ऐकू येतं. ८६ डेसिबलच्या स्पीकरवर तोच अॅम्प १७ वर येतो आणि लोक म्हणतात 'काय शांत अॅम्प आहे!' तेव्हा अॅम्प निवडताना वॉट बघू नका, उरलेला गोंगाट बघा. तो ०.१ मिलिव्होल्टच्या आसपास असेल तर प्रश्न मिटला. एसी करंटवर तापणाऱ्या फिलामेंटचे २ए३ या परीक्षेत क्वचितच बसतात, हे आपलं जाता जाता.

---

गरम_व्हॉल्व्ह

डीसी फिलामेंट आहे माझ्याकडे. घूं नाही. जाता जाता टोमणे मारायची सवय सोडा :)

---

तिसरीघंटा

मंद्रसप्तक, डेसिबलराव, दोघांचेही प्रतिसाद जपून ठेवलेत. माझ्याकडे अल्टेक आहेत. ८११बी हॉर्न, त्यावर ८०२ ड्रायव्हर, खाली १५ इंची ४१६ वूफर. थिएटरमधला माल आहे, पेट्या मात्र नंतर कोणीतरी केलेल्या. तीन अडचणी:

हॉर्नवर बोटाने टिचकी मारली की घंटा वाजल्यासारखा टण्ण आवाज येतो आणि रेंगाळतो. त्याला काही करावं का?

डावीकडचा वरचा आवाज उजवीकडच्यापेक्षा मंद आहे.

आणि एकूणच बाईचा आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो. मागच्या मालकाने क्रॉसओव्हर ५०० हर्ट्झचा लावलाय.

---

मंद्रसप्तक

@तिसरीघंटा, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. अल्टेकचा ५११बी हा ५०० हर्ट्झसाठी आणि ८११बी हा ८०० साठी. ८११ ला ५०० वर जुंपलं की त्या भागात हॉर्न ड्रायव्हरला भारच देत नाही, डायफ्राम मोकाट हलतो, आवाज नाकात जातो, आणि डायफ्राम लवकर मरतो ते वेगळंच. अल्टेकने स्वतः घरगुती मॉडेल १९ मध्ये हाच ८११बी १२०० हर्ट्झवर लावला होता. तुम्ही ८०० ते १२०० च्या मध्ये कुठेही बसवा, निम्मी तक्रार तिथेच जाईल.

टण्ण आवाजासाठी हॉर्नच्या बाहेरून, फक्त बाहेरून, गाडीच्या पत्र्याला लावतात तसलं बिटुमेनचं शीट किंवा जाड मॅस्टिक लावा. आतल्या बाजूला काहीही लावायचं नाही. टिचकीचा आवाज 'टक्' झाला की थांबा. यावर दोन तट आहेत. काहींच्या मते ड्रायव्हर हॉर्नला टिचकीसारखा धक्का देतच नाही, त्यामुळे फरक नगण्य. मला फरक ऐकू येतो, पण क्रॉसओव्हर बदलल्याने पडेल त्याच्या तुलनेत तो किरकोळ आहे.

मंद बाजूसाठी आधी डावा-उजवा ड्रायव्हर अदलाबदल करून बघा. मंदपणा ड्रायव्हरबरोबर दुसरीकडे गेला तर डायफ्रामचा संशय. जागेवरच राहिला तर क्रॉसओव्हर किंवा एल-पॅड (ड्रायव्हरचा आवाज खाली आणणारी रेझिस्टरांची जोडी). जुन्या फिरत्या एल-पॅडच्या पट्ट्या गंजतात, बटण फिरवताना खर्रखर्र आलं की समजा.

---

डेसिबलराव

एल-पॅडचा विषय निघालाच आहे तर. ४१६ वूफर आणि ८०२ अधिक ८११ यांच्या संवेदनशीलतेत ८ ते १० डेसिबलचा फरक धरून चाला, वरचा ड्रायव्हर दाबावाच लागतो. फिरता पॅड फक्त पातळी शोधण्यापुरता वापरा, मग त्याजागी पक्के रेझिस्टर. ८ ओहमला १० डेसिबल कमी करायचे तर मालिकेत साडेपाच ओहम आणि ड्रायव्हरला समांतर ३.७ ओहम. ड्रायव्हर १६ ओहमचा असेल तर दोन्ही दुप्पट. अॅम्पची सूं सूं सुद्धा त्याच १० डेसिबलने खाली जाते, हा बोनस.

वरचं टोक (१० किलोहर्ट्झच्या पुढे) बसलेलं वाटलं तर मालिकेतल्या रेझिस्टरला समांतर छोटा कपॅसिटर. तो वरच्या सुरांना पॅडला वळसा घालू देतो.

---

कानसेन_नवा

वाचतोय. मूर्ख प्रश्न असेल, पण ला स्कालात एल-पॅड का नाही?

---

मंद्रसप्तक

मूर्ख अजिबात नाही, उलट या क्रॉसओव्हरची गंमत तिथेच आहे. क्लिप्शने रेझिस्टर न जाळता ऑटोट्रान्सफॉर्मर (एकाच वेटोळ्याचा ट्रान्सफॉर्मर) वापरला. त्याला साधारण ३-३ डेसिबलच्या पायऱ्या, म्हणजे टॅप, आहेत. मिडरेंजचा के-५५-व्ही हा १६ ओहमचा ड्रायव्हर. ३ डेसिबल खाली जोडला की क्रॉसओव्हरला तो दुप्पट, म्हणजे ३२ ओहमचा दिसतो. मालिकेत १३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. ४०० हर्ट्झला त्याचा रोध काढा: साडेतीस ओहम. म्हणजे क्रॉसओव्हर बरोबर ४०० च्या आसपास.

आता लोक काय करतात? मिडरेंज अंगावर येतोय म्हणून तार काढून ६ डेसिबलच्या टोकाला लावतात आणि कपॅसिटर तसाच ठेवतात. ड्रायव्हर आता ६४ ओहमचा दिसतो, आणि त्याच १३ मायक्रोफॅरडने क्रॉसओव्हर २०० हर्ट्झच्या खाली घसरतो. मिडरेंज हॉर्नला तिथे काही काम नाही, नुसता चिखल होतो. मग 'टॅप बदलून उपयोग झाला नाही' असं लिहितात. टॅप ६ वर नेलात तर कपॅसिटर निम्मा करा, साडेसहा. किंवा ऑटोट्रान्सफॉर्मरच्या तोंडाशी १० ओहमचा जाडजूड रेझिस्टर समांतर टाका, म्हणजे टॅप कुठेही असला तरी क्रॉसओव्हरला दिसणारा रोध फारसा हलत नाही. त्या वेळी मालिकेतला कपॅसिटर मात्र नव्या रोधाप्रमाणे मोठा लागतो. ते गणित केल्याशिवाय रेझिस्टर टाकू नका.

एए मध्ये ट्विटरवर दोन झेनर डायोड पाठीला पाठ लावून असतात. काही जण आवाज 'मोकळा' होतो म्हणून ते उपटतात. के-७७ ट्विटर नाजूक आहे आणि डायोड त्याच्या रक्षणाला आहेत. साडेतीन वॉटवाल्यांनी खुशाल उपटावेत. मोठा अॅम्प असणाऱ्यांनी राहू द्यावेत.

---

गरम_व्हॉल्व्ह

पाहा, शेवटी साडेतीन वॉटवालेच सुखी.

---

डेसिबलराव

सुखी, पण एका अटीवर. नळीच्या अॅम्पचा बाहेरचा रोध दोन-तीन ओहम असतो, आणि ला स्कालाचा इंपिडन्स (सुरानुसार बदलणारा रोध) मिडरेंजमध्ये डोंगरासारखा वर जातो. जिथे डोंगर तिथे अॅम्प जास्त व्होल्टेज देतो. म्हणजे नळीचा जो 'जिवंत मध्य' तुम्हाला आवडतो तो बऱ्याच अंशी एक इक्वलायझर आहे. आवडत असेल तर ऐका, माझी ना नाही.

माझ्या मते या स्पीकरांचं खरं अपग्रेड कपॅसिटर नव्हेच, वेळेची जुळणी आहे. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. मिडरेंजचा ड्रायव्हर लांब हॉर्नच्या मागच्या टोकाला, ट्विटर पुढे. अर्ध्या मीटरचा फरक धरला तरी जवळजवळ दीड मिलिसेकंद. घडी घातलेल्या बेस हॉर्नमधली वाट आणखी वेगळी. १९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये एमजीएम या चित्रपट स्टुडिओच्या लोकांना पडद्यावरच्या टॅप नृत्याचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू यायला लागला, कारण खालच्या आणि वरच्या हॉर्नच्या लांबीत काही फुटांचा फरक होता. त्यातूनच शीअरर हॉर्न आला, बेस हॉर्नची लांबी आटोक्यात ठेवलेला. त्यांना लाकूड कापावं लागलं. आपल्याकडे डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारं यंत्र) आहे: तीन चॅनलचे अॅम्प, मोजायचा माइक, रूम ईक्यू विझार्ड हे मोजणीचं सॉफ्टवेअर, आणि काम संपलं.

फक्त एक. अॅम्प थेट कॉम्प्रेशन ड्रायव्हरला जोडताना मध्ये संरक्षक कपॅसिटर ठेवा. अॅम्प सुरू होतानाचा एक धक्का किंवा चुकलेली एक सेटिंग डायफ्राम संपवायला पुरते. ८ ओहमचा ड्रायव्हर, ८०० हर्ट्झचा क्रॉसओव्हर असेल तर १०० मायक्रोफॅरड. तो २०० हर्ट्झला काम सुरू करतो, म्हणजे दोन सप्तकं खाली, आवाजावर परिणाम नगण्य.

---

मंद्रसप्तक

वेळेची जुळणी महत्त्वाची हे मान्य. पण ट्विटरची जुळणी डीएसपीशिवायही जमते: ट्विटर पेटीच्या वर, मागे सरकवून ठेवायचा आणि कानाने-माइकने जागा ठरवायची. दिसायला ध्यान दिसतं, पण चालतं. ६ किलोहर्ट्झची तरंगलांबी पावणेसहा सेंटिमीटर आहे, त्यामुळे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तरी ऐकू येतं.

बेसबाबत डीएसपीशिवाय गत्यंतर नाही हेही खरं.

जे डीएसपीने सुटत नाही तेही सांगून ठेवतो. जुने एक्स्पोनेन्शियल हॉर्न (ठराविक पटीने रुंदावत जाणारे) वरच्या सुरांत अरुंद होत जातात. समोर बसलात तर सपाट, बाजूला सरकलात तर झांजा गेल्या. डॉन कील यांनी १९७५ मध्ये एक्स्पोनेन्शियल हॉर्नला एवढं पवित्र का मानायचं, असा प्रश्न विचारणारा शोधनिबंध मांडला आणि तिथून सगळीकडे सारखा आवाज टाकणारे हॉर्न रूढ झाले. जुना हॉर्न काढून तसा नवा बसवता येतो, पण मग वरचे सूर क्रॉसओव्हरमध्ये उचलून द्यावे लागतात, कारण पूर्वी एकाच दिशेला गोळा होणारी ऊर्जा आता पसरलेली असते. अदलाबदल केलीत तर जुने हॉर्न आणि मूळ क्रॉसओव्हर जपून ठेवा, त्यावर करवत चालवू नका.

---

तिसरीघंटा

अदलाबदल केली. मंदपणा ड्रायव्हरबरोबर उजवीकडे गेला. म्हणजे डायफ्राम. बदलायचा कसा? आणि अल्निको मिश्रधातूचं चुंबक उघडलं की शक्ती जाते म्हणतात, त्याची भीती वाटते.

क्रॉसओव्हर १००० वर नेला. नाकातला आवाज गेला!! अजून विश्वास बसत नाहीये.

---

मंद्रसप्तक

वा! मागचं झाकण काढून डायफ्राम बदलल्याने चुंबकाची शक्ती जात नाही. चुंबकाचे लोखंडी भाग एकमेकांपासून सोडवले तर जाते. त्या स्क्रूंना हातच लावू नका.

टेबल लाकडाचं घ्या आणि आधी ओल्या फडक्याने पुसा. लोखंडाचा एक कीस फटीत गेला की आयुष्यभर करकरेल. पेचकस शक्यतो पितळी किंवा बिनचुंबकी. साधा असेल तर घट्ट धरा, कारण ड्रायव्हर तो हातातून ओढतो आणि टोक थेट अॅल्युमिनियमच्या घुमटावर जातं. जुना डायफ्राम सरळ वर उचला. चिकटपट्टी उलटी दुमडून, चिकट बाजू बाहेर ठेवून, फटीतून गोल फिरवा. पट्टी स्वच्छ बाहेर येईपर्यंत नवनवी पट्टी घ्या. नवा डायफ्राम ठेवा, स्क्रू हलके लावा, अगदी कमी आवाजात ५०० हर्ट्झपासून वर सरकणारा टोन सोडा. कुठे खरखर आली तर डायफ्राम केसभर सरकवा, स्वच्छ झाला की समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळा आणि पुन्हा टोन. शेवटी दोन्ही ड्रायव्हरांचे इंपिडन्स आलेख एकावर एक टाकून बघा.

एक नक्की: एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला चाळीस वर्षांचा डायफ्राम हे जमत नाही. जोडीने बदला, आणि दोन्ही एकाच बनावटीचे, एकाच धातूचे. टायटॅनियमचा आवाज अॅल्युमिनियमहून वेगळा असतो.

---

कानसेन_नवा

आणखी एक. खोलीत किती लांब बसायचं? माझी खोली लहान आहे, म्हणून क्लिप्शचा छोटा हेरसी बघतोय.

---

डेसिबलराव

मोठ्या हॉर्नना तीन मीटर तरी द्या, नाहीतर वूफर खालून आणि हॉर्न वरून असे दोन वेगवेगळे आवाज ऐकू येतात. हेरसी लहान खोलीत चालेल. जुन्या हेरसीचा वूफर हॉर्नमध्ये नाही, साध्या बंद पेटीत आहे, त्यामुळे तो जवळून लवकर एकसंध होतो. बेस कमी पडेल, तेव्हा भिंतीला लागून ठेवा आणि सबवूफरची सोय बघा. सबवूफर जोडलात तर एक चाचणी करा: क्रॉसओव्हरच्या सुराचा टोन सोडा, सबची पोलॅरिटी उलटी करा आणि ऐकायच्या जागी आवाज सगळ्यात कमी होईल तोवर विलंब बदलत राहा. सगळ्यात खोल खड्डा सापडला की पोलॅरिटी पुन्हा सुलटी करा. विलंबाला हात लावू नका.

---

गरम_व्हॉल्व्ह

आणि दोन्ही स्पीकर आत एवढे वळवा की त्यांच्या रेषा तुमच्या डोक्याच्या थोड्या पुढे एकमेकींना छेदतील. हॉर्न अरुंद असतात, त्याचा इथे फायदा होतो: बाजूला बसलेल्याला जवळचा स्पीकर कडेने ऐकू येतो म्हणून दबतो, आणि लांबचा थेट समोर येतो. सोफ्यावर तिघे बसले तरी गायक मधोमध राहतो. याला ना डीएसपी लागत, ना कपॅसिटर.

---

डेसिबलराव

हे मात्र शंभर टक्के मान्य.